दवाखाना घरी आला, पण मोजमाप?

आपल्या घरातील औषधांचे कपाट एकदा उघडून पाहा. पूर्वी तेथे फार तर एक पाऱ्याचा तापमापक असे. आता पुष्कळ घरांत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचा ग्लुकोमीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सापडतो. एखाद्या घरी तर हवेतील नायट्रोजन बाजूला काढून रुग्णाला प्राणवायू पुरवणारा कॉन्सन्ट्रेटरही कोपऱ्यात घरघरत असतो. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण थोड्याच दिवसांत घरी परततो व उरलेली शुश्रूषा घरची माणसे करतात. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत असंख्य रुग्ण घरीच राहिले, आणि रुग्णालय गाठायचे की नाही हे बोटावरच्या त्या चिमुकल्या यंत्रातील आकड्यावर ठरू लागले.

घरी उपचार होण्याला माझा मुळीच विरोध नाही. आपले अंथरूण, आपल्या हातचे पेज-पाणी आणि आपली माणसे यांचा रुग्णाला आधार वाटतो, शिवाय खर्चही वाचतो. परंतु यंत्र घरी आले तशी ते वापरण्याची विद्या घरी आलेली नाही. गंमत म्हणजे या विद्येचा मोठा भाग वैद्यकाच्या ग्रंथांत शोधावा लागत नाही. तो तुमच्या शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

मनगटावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घ्या. आजी खुर्चीवर बसली आहे, हात मांडीवर आहे आणि यंत्र हृदयाच्या पातळीपेक्षा २० सेंटिमीटर खाली आहे. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे तुम्ही शिकला आहात. रक्ताची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, तर पाऱ्याची पाण्याच्या १३.६ पट. म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटर स्तंभाइतका दाब देतो, आणि २० सेंटिमीटरचा सुमारे १६. हृदयापाशी १२८ असलेला दाब यंत्र १४४ दाखवील. यंत्रात कसलाही बिघाड नाही, ते मनगटातला दाब बरोबर सांगत आहे! पण हा आकडा फोनवरून डॉक्टरांना कळवला जातो आणि आजीची गोळी वाढते. हात हृदयाच्या वर धरला तर याच्या उलट घडते व खरा रक्तदाबाचा रुग्ण ठणठणीत ठरतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, यंत्र हृदयाच्या पातळीवर धरावे आणि मोजताना बोलू नये. यंत्राबरोबर येणाऱ्या चिटोऱ्यावर हे छापलेले असते, पण ते चिटोरे वाचतो कोण?

ऑक्सिमीटरचेही असेच. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पलीकडे किती पोचतो, यावरून किती हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे याचे अनुमान केले जाते. बोट गार असेल, नखाला रंग असेल किंवा हात हलत असेल, तर हे अनुमान चुकते. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे आढळले, की यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असता प्रत्यक्ष पातळी ८८ च्याही खाली होती असे प्रसंग गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, पण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. सावळ्या लोकांच्या आपल्या देशात हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

यावर कोणी म्हणेल, सामान्य माणसाला हे जमायचे नाही, मोजमाप डॉक्टरांवरच सोपवावे. याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनिया झालेले बाळ जलद श्वास घेते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले तर तो धोक्याचा इशारा समजतात. पण खेड्यातील सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यासाठी त्यांनी एक साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला तर श्वास जलद आहे. मला विचाराल तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील कित्येक महागड्या उपकरणांपेक्षा हे उपकरण अधिक हुशार आहे.

पुढे ३९ गावांत, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन, तापमान व श्वास मोजू लागल्या. जंतुसंसर्ग ओळखून त्या इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मात्र नुसती यंत्रे वाटून हे साधलेले नाही. त्या स्त्रियांना शिकवले गेले, त्यांचे काम वरचेवर तपासले गेले. दुकानातून यंत्र आणून टेबलावर ठेवणाऱ्या घराला ही शिकवणी कोण देणार?

शाळेने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नववीच्या प्रयोगशाळेत आपण दगडाची घनता काढतो. ती जरूर काढावी, पण शेजारी रक्तदाबाचे यंत्र, तापमापक आणि सेकंदकाट्याचे घड्याळही असू द्यावे. आणि हे मुलग्यांनीही शिकावे. घरात कोणी आजारी पडले की शाळा बुडते ती बहुधा मुलीची.

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. एका विद्यार्थ्याला शांत बसवून मनगटाचे यंत्र प्रथम मांडीवर, मग हृदयाच्या पातळीवर, मग डोक्याजवळ धरून प्रत्येक ठिकाणी तीनदा वाचन घ्या आणि सरासरी काढा. पट्टीने उंची मोजा व आलेखकागदावर उंची आणि दाब मांडा. दर १० सेंटिमीटरला सुमारे ८ मिलिमीटरचा उतार यायला हवा.