टिपणे संशोधकाची, कुलूप कंपनीचे

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांना टेकलेल्या गोंदिया जिल्ह्यात संदर्भनोंदी ठेवणाऱ्या संगणकप्रणालींची चर्चा करावी, हे पुष्कळांना विनोदी वाटेल. धान, तेंदूपाने, बिडी आणि राईस मिल यांच्या या जिल्ह्यात असला पुस्तकी प्रश्न उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाईल. हा प्रश्न विचारणारे बहुधा शहरातले असतात, आणि ग्रामीण भागातील माणसाने पिकवावे, वेचावे, वळावे, पण संशोधन मात्र करू नये, असे त्यांनी मनोमन गृहीत धरलेले असते. वस्तुतः नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या येथील महाविद्यालयांत शिकवता शिकवता पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारे अध्यापक आहेत. त्यांच्या श्रमांवर कोणाची मालकी आहे, हा प्रश्न शेतमजुराच्या मजुरीच्या प्रश्नाइतका निकडीचा नसेल. परंतु तो त्याच जातीचा आहे.

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखादा अध्यापक माजी मालगुजारी तलावांवर प्रबंध लिहीत आहे. सारा जिल्हा ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो, ते हे तलाव. कोहळी शेतकऱ्यांच्या पिढीजात कसबातून ते उभे राहिले, मालगुजारांच्या नावावर नांदले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. या विषयाची साधने एका ठिकाणी मिळत नाहीत. रसेल यांनी १९०८ मध्ये सिद्ध केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर, जुने बंदोबस्त अहवाल, गावोगावचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, पाटबंधारे खात्याची कागदपत्रे, इंग्रजी नियतकालिकांतील लेख, मराठी स्मरणिका, असा हा पसारा. गोंदिया जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला. त्यामुळे अर्धी कागदपत्रे एका जिल्ह्याच्या नावाखाली, अर्धी दुसऱ्या. सात-आठ वर्षे सुट्ट्यांच्या दिवसांत नागपूरच्या गाड्या धरून हा मनुष्य हजार-दोन हजार नोंदी गोळा करतो. प्रत्येक नोंदीखाली स्वतःचे टिपण लिहितो, लेखांच्या पीडीएफ प्रतींवर खुणा करतो, विषयवार कप्पे पाडतो. हे सारे तो ज्या प्रणालीत ठेवतो ती त्याने निवडलेली नसते. कोणत्या तरी कार्यशाळेत ती 'मोफत' म्हणून त्याच्या संगणकावर बसवून दिलेली असते.

आणि एके दिवशी ती बदलण्याची वेळ येते. मेंडेलीच्या ज्या जुन्या आवृत्तीवर संशोधकांच्या एका पिढीचे काम उभे होते, तिचे वितरण १ सप्टेंबर २०२२ पासून बंद झाले. मालकाने नवी प्रणाली पुढे केली आणि वापरणाऱ्यांनी तिकडे यावे अशी अपेक्षा ठेवली. ज्यांना ती रुचली नाही, ते आपले बिऱ्हाड दुसरीकडे हलवू लागले. खरा प्रश्न येथे उभा राहतो.

बिऱ्हाड हलवताना काय बरोबर येते आणि काय मागे राहते, हे नीट पाहिले पाहिजे. लेखकाचे नाव, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठे हा तपशील आरआयएस किंवा बिबटेक्स या सर्वमान्य साच्यांतून बहुतांशी सुखरूप पोचतो. बिबटेक्स तर १९८५ पासून चालत आलेला साचा आहे आणि तो कोणाच्याही मालकीचा नाही. परंतु संशोधकाने पाडलेले कप्पे या साच्यांतून सहसा येत नाहीत. पीडीएफवर प्रणालीच्या आत केलेल्या खुणा आणि समासातील टिपणे वेगळ्या कोठीत साठवलेली असतात. ती पुष्कळदा मागेच राहतात. सर्वांत मोठे संकट अर्धवट लिहिलेल्या प्रबंधाचे असते. वर्डमधील प्रकरणांत जेथे जेथे संदर्भ दिला आहे, तेथे जुन्या प्रणालीचा एक अदृश्य धागा ओवलेला असतो. नव्या प्रणालीला तो धागा ओळखता आला तर ठीक. नाही तर चारशे पानांत पसरलेले संदर्भ एकेक करून पुन्हा बसवावे लागतात. थोडक्यात, जे बाजारात कोठेही मिळते ते सोबत येते, आणि जे संशोधकाने स्वतःच्या बुद्धीने घडवले ते अडकून पडते.

ही तंत्राची अपरिहार्यता आहे, असे सांगणारे तज्ज्ञ भेटतात. त्यांना २०१८ ची हकीकत आठवून दिली पाहिजे. मेंडेली ही २००७ साली लंडनमध्ये स्थापन झालेली छोटी कंपनी. २०१३ मध्ये ती एल्सेव्हियर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. मेंडेलीतील नोंदी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर एका साध्या कोठीत साठत आणि अन्य प्रणालींना ती वाचता येई. झोटेरो या मुक्त प्रणालीने ती कोठी थेट वाचून टिपणांसह, कप्प्यांसह सारे उचलून आणण्याची सोय केली. त्याच वर्षी मेंडेलीच्या नव्या आवृत्तीने ही कोठी सांकेतिक लिपीत बंद करून टाकली. संगणक संशोधकाचा, नोंदी संशोधकाच्या, आणि किल्ली मात्र कंपनीकडे! युरोपातील नव्या खासगीपणाच्या कायद्यामुळे असे करावे लागले, असे कारण देण्यात आले. हा कायदा २५ मे २०१८ पासून अमलात आला, हे खरे. पण त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने नागरिकाला स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क दिला आहे. हक्क देणाऱ्या कायद्याचाच अडसर करावा, ही युक्ती कोणत्याही निष्णात वकिलाला शोभण्यासारखी आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आरआयएसच्या साच्यातून नोंदी बाहेर काढण्याची वाट मेंडेलीने बुजवली नव्हती, आणि पुढे झोटेरोने मेंडेलीच्या ऑनलाइन खात्यातून नोंदी आणण्याचा दुसरा मार्ग काढला. परंतु त्या मार्गाने जायचे तर आधी सारा संग्रह कंपनीच्याच सर्व्हरवर चढवावा लागतो.

याच्या दहा वर्षे आधीचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. एंडनोट ही सशुल्क प्रणाली तेव्हा थॉमसन रॉयटर्सच्या मालकीची होती. झोटेरो अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात २००६ साली जन्मलेली. एंडनोटमध्ये निरनिराळ्या नियतकालिकांच्या संदर्भपद्धतींच्या हजारो संचिका असत. स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, वर्ष कंसात की कंसाबाहेर, याचे नियम त्यांत असत. झोटेरोने या संचिका वाचण्याची सोय केली म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये थॉमसन रॉयटर्सने व्हर्जिनियात दावा लावला आणि एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. ते नियम ठरवले होते नियतकालिकांनी, त्यांत लिहिणारे होते प्राध्यापक; कंपनीने ते आपल्या साच्यात ओतले एवढेच. विद्यापीठ नमले नाही. त्याने एंडनोटच्या परवान्याचे नूतनीकरण न करण्याची भूमिका घेतली. जून २००९ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. विद्यापीठाने ठरवले तर कंपनीला नाही म्हणता येते, याचा हा दाखला भारतातील कुलगुरूंच्या दालनांत फारसा पोचलेला दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत या साऱ्याला स्थलांतराचा खर्च म्हणतात. वस्तू स्वस्त द्यावी, फुकटही द्यावी, परंतु सोडून जाण्याची किंमत दरवर्षी वाढत जाईल अशी रचना करावी. सालगड्याला उचल देऊन बांधून ठेवणाऱ्या मालकाला हा सिद्धांत कोणी शिकवला नव्हता, तरी त्याला तो पक्का ठाऊक होता. संशोधकाच्या बाबतीत उचल पैशाची नसते. त्याने स्वतः केलेली नोंदींची साठवणच त्याच्या पायातली बेडी होते. जो जितका कष्टाळू, तो तितका अधिक जखडलेला. शिवाय पळून जायचे तर जायचे कोठे? एंडनोट पुढे क्लॅरिव्हेटकडे गेली आणि क्लॅरिव्हेटने २०२१ मध्ये प्रोक्वेस्ट विकत घेतल्यावर रेफवर्क्स ही दुसरी प्रणालीही त्याच छपराखाली आली. मेंडेली एल्सेव्हियरची. लेख छापणारा, तो विकणारा, कोणी किती वेळा वाचला याची मोजदाद करणारा आणि वाचकाची टिपणवही सांभाळणारा एकच असेल, तर स्पर्धा कोठे उरली? संशोधक काय वाचतो, काय साठवतो ही माहिती स्वतःच बाजारातला माल झाली आहे. 'मोफत' या शब्दाचा अर्थ तेथे शोधावा.

भारत सरकारला नागरिकाचा हा हक्क अपरिचित आहे असेही नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. सालेकशाचा दुकानदारही हा हक्क बजावतो. २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात स्वतःची माहिती सोबत नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा मंजूर झाला त्यातून तो वगळला गेला. दहा आकडी क्रमांक नेता येतो, दहा वर्षांची टिपणे नेण्याचा मात्र कायदेशीर हक्क नाही, याला काय म्हणावे?

सरकारचा प्राधान्यक्रम अन्यत्रही दिसतो. २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीनुसार शिक्षा ठरवल्या. दहा टक्क्यांपर्यंत माफी, त्यापुढे चढती भाजणी. २०१९ पासून शोधशुद्धी योजनेखाली चोरी पकडणाऱ्या प्रणाली विद्यापीठांना पुरवल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' या योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून सुमारे ६,३०० संस्थांना मिळावयाची आहेत. त्या ३० मध्ये एल्सेव्हियर अर्थातच आहे. योजना जाहीर झाली ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. गोंदियासारख्या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा भार मुख्यतः खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांनी वाहिला आहे, ही गोष्ट दिल्लीत लक्षात आली नसावी. परंतु मुद्दा त्याहून पुढचा आहे. एवढी प्रचंड रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्यापुढे अट घालता येत नाही काय? ज्यांच्याकडून खरेदी होते त्यांच्या सर्व प्रणालींतून वापरणाऱ्याला नोंदी, कप्पे, खुणा आणि टिपणे खुल्या साच्यात पूर्णपणे बाहेर काढता आली पाहिजेत, एवढेच करारात लिहावयाचे. इन्फ्लिबनेटच्या शोधचक्रासारख्या सरकारी व्यवस्थेलाही हीच अट लागू हवी. सरकारी कुलूपही कुलूपच असते.

मराठी संशोधकाची अडचण आणखी वेगळी. या प्रणालींना माणसाचे नाव म्हणजे आडनाव आणि पहिले नाव एवढेच ठाऊक. साच्यांची अदलाबदल होताना 'गोंदिया जिल्हा परिषद' ही 'परिषद' आडनावाची व्यक्ती होऊन बसते! पुस्तक, लेख, न्यायनिवाडा यांसाठी रकाने आहेत. निस्तार पत्रकासाठी, मौजा आणि पटवारी हलका यांसाठी नाहीत. ते कोठेतरी 'इतर' म्हणून कोंबावे लागतात आणि स्थलांतरात नेमके 'इतर'च गळते. ज्यांनी पूर्वी मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केला, त्यांना हा अनुभव नवा नाही. फाँट गेला आणि लेखांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल उरला. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या दीडशे वर्षांचा हिशेब कागदावर ठेवून गेली आणि ती आजही कोणालाही न विचारता उघडता येते. कागदाकडे परत फिरावे असा याचा अर्थ नव्हे. दोन हजार नोंदींत एक शब्द क्षणात सापडतो, ही सोय संशोधकाने का सोडावी?

झोटेरोचा उदोउदो करणाऱ्यांनीही सबुरीने घ्यावे. तिची आज्ञावली खुली आहे, संग्रह स्वतःच्या संगणकावर स्वच्छ साच्यात राहतो आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे, हे निर्विवाद. परंतु ऑनलाइन साठवणीची तिची फुकट मर्यादा ३०० मेगाबाइटची. पुढे वर्गणी लागते, आणि त्या वर्गणीवरच तिचे पोट बऱ्याच अंशी अवलंबून आहे. अशी प्रणाली फुकटात सतत सुधारत राहील आणि मराठीची काळजी कोणीतरी अमेरिकेत बसून घेईल, ही आशा भाबडी आहे. विद्यापीठांनी आपल्या संगणकशास्त्र विभागातील चार विद्यार्थी जरी या कामाला लावले, तरी मराठी नावांचा आणि महसुली कागदपत्रांचा प्रश्न एका वर्षात पुष्कळ सुटेल. संशोधन-पद्धतीच्या कार्यशाळांत बटणे कोठे आहेत हे शिकवले जाते. बाहेर कसे पडावे हे शिकवले जात नाही. कोणतीही प्रणाली बसवण्यापूर्वी पहिल्या दिवशी पाच नोंदी, एक खूण आणि एक मराठी टिपण घालून ते दुसऱ्या प्रणालीत नेऊन पाहावे, एवढा एक तास कार्यक्रमपत्रिकेत कोणी ठेवत नाही.

आणि तोवर अर्जुनी मोरगावच्या त्या अध्यापकाने प्रबंध हातावेगळा होईपर्यंत बिऱ्हाड हलवू नये. हलवावेच लागले तर जुनी प्रणाली लगेच काढून टाकू नये. सर्व नोंदी आरआयएस आणि बिबटेक्स अशा दोन्ही साच्यांत काढून ठेवाव्यात, पीडीएफचा गठ्ठा वेगळा जपावा, आणि नव्या ठिकाणी पोचलेल्या नोंदी मोजून, देवनागरीतल्या तरी एकेक उघडून पाहाव्यात. या कामात उन्हाळ्याची अर्धी सुट्टी जाईल. तिचा मोबदला त्याला कोणतीही कंपनी देणार नाही, आणि विद्यापीठाच्या प्रगती-अहवालाच्या नमुन्यात तर त्यासाठी रकानाही नसेल.