प्राग शहरातील व्यापाऱ्यांची वाट

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग पाहावयास आलेला प्रवासी बहुधा प्रथम जुन्या शहराच्या चौकात येऊन थांबतो. सकाळच्या वेळी तेथे रंगीत छत्र्या उंच धरून मार्गदर्शक उभे असतात. त्यांच्यापैकी काहींच्या पदभ्रमणाला 'विनामूल्य' म्हणतात. दोन-अडीच तासांची चाल संपली, की ज्याने त्याने आपल्या समाधानाप्रमाणे मार्गदर्शकाच्या हातावर रक्कम ठेवावी, असा रिवाज आहे. माल आधी, मोल नंतर आणि तेही ग्राहकाने ठरवायचे, हा व्यवहार पेढीवर बसणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण तो उत्तम चालतो, कारण ग्राहकाला शेवटपर्यंत धरून ठेवण्याचे ओझे सर्वस्वी मार्गदर्शकाच्या शिरावर पडते.

मार्गदर्शक राजे, संत आणि युद्धे यांच्या कथा सांगतात. त्याच वाटेवर व्यापाऱ्यांच्या खुणा पाहत गेल्यास मात्र शहर निराळेच दिसू लागते. चौकाच्या पूर्वेला टीन चर्चचे दोन टोकदार मनोरे आहेत. त्यांच्या मागच्या बाजूस एका कमानीतून आत गेले, की उंगेल्ट नावाचे बंदिस्त अंगण लागते. या शब्दाचा अर्थच जकात. मध्ययुगात परदेशी व्यापारी आपल्या मालासह येथे उतरत, गाठोडी सोडून दाखवीत, जकात भरीत आणि त्या मोबदल्यात राजाचे संरक्षण मिळवीत. वखार, धर्मशाळा आणि जकातनाका हे सारे एकाच भिंतीच्या आत. जकातीचा अधिकारी ग्रानोव्स्की याने 1560 मध्ये येथे उभारलेला प्रासाद अजून डौलाने उभा आहे. जकात गोळा करणाऱ्याचे घर अंगणातील सर्वांत देखणे असावे, यात नवल ते काय!

चौकात परत यावे. नगरभवनाजवळ फरसबंदीत 27 पांढरे क्रूस जडविलेले आहेत. हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धचा उठाव फसल्यावर 21 जून 1621 रोजी येथे 27 जणांना देहदंड दिला गेला. त्यांत सरदार आणि उमराव दहा, उरलेले सतरा साधे नागरिक. नगरभवनाच्या भिंतीवर जगप्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे. त्याचा सर्वांत जुना भाग 1410 चा. तास भरताना हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवितो, वरच्या दोन खिडक्यांतून ख्रिस्ताच्या शिष्यांच्या मूर्ती सरकत जातात, आणि गर्दी हात उंचावून छायाचित्रे घेते. मिनिटाभरात सारे संपते. पुष्कळांची निराशा होते, हे खरे.

ज्यांना पाहायचे आहे त्यांनी सापळ्याकडे नव्हे, तर तबकडीच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. तेथे आरसा धरलेला गर्विष्ठ आहे आणि त्याच्याशेजारी पैशांची थैली घट्ट धरलेला कृपण. मृत्यूची घंटा वाजताच तो नकारार्थी मान हलवितो. ही मूर्ती पूर्वी दाढी असलेल्या ज्यू सावकाराची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मे 1945 मध्ये, नगरभवन जळाले. त्यानंतरच्या दुरुस्तीत तिचे रूप पालटले आणि तिला नुसता 'कंजूष' म्हणू लागले. लोभ दाखवायचा, तर एका विशिष्ट समाजाचा चेहरा घ्यायचा, ही या शहराची कित्येक पिढ्यांची सवय होती.

तो समाज राहत होता ती वस्ती येथून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. वाट पारीझ्स्का या रुंद मार्गावरून जाते. दोन्ही बाजूंना महागड्या घड्याळांची, पादत्राणांची आणि चामडी पिशव्यांची झगमगती दुकाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनी ज्यू वस्ती पाडून हा भाग नव्याने वसविला गेला. गल्ल्या गेल्या, काही प्रार्थनामंदिरे, ज्यूंचे नगरभवन आणि दफनभूमी तेवढी राहिली. वस्तीचे आजचे नाव योसेफोव्ह. ज्यूंवरील अनेक निर्बंध सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफच्या स्मरणार्थ ते ठेवले गेले.

येथील एका रस्त्याला मोर्दखाय मायझेलचे नाव आहे. व्यापारी कुटुंबांनी पावले थोडी सावकाश टाकावीत अशी ही जागा. मायझेल (1528–1601) हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या काळातील प्रागचा बडा व्यापारी आणि सावकार. तुर्कांशी चाललेल्या युद्धासाठी सम्राटाला त्याचाच पैसा लागे. आपल्या वस्तीसाठी त्याने हात आखडता घेतला नाही. चिखलाच्या गल्ल्यांना त्याने फरसबंदी केली, रुग्णालय बांधले, ज्यूंच्या नगरभवनाचा खर्च उचलला, दफनभूमीला जागा दिली, आणि 1590 च्या सुमारास स्वतःच्या नावाचे प्रार्थनामंदिर उभारले. त्याला अपत्य नव्हते. आपली संपत्ती मृत्युपत्राने वारसांना देण्याचा अधिकार सम्राटाने त्याला खास सनदेने दिला होता. मायझेल वारला आणि त्याच सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे घर झडती घेऊन सारी संपत्ती जप्त केली. सनद कागदावरच राहिली. पुतण्यांचे दावे पुढे वर्षानुवर्षे चालले.

त्याचे प्रार्थनामंदिर 1689 च्या आगीत जळाले, पुन्हा बांधले गेले, रूप बदलत गेले. आज तेथे संग्रहालय आहे. मायझेल स्वतः जवळच्या जुन्या दफनभूमीत आहे. येथील सर्वांत जुना दगड 1439 चा. 1787 नंतर येथे दफन झाले नाही. वस्तीला पसरण्यास जागा नव्हती, म्हणून माती टाकून थरावर थर रचले गेले. आज सुमारे बारा हजार दगड एकमेकांवर रेलून उभे आहेत. शिंप्याच्या दगडावर कात्री, औषधे विकणाऱ्याच्या दगडावर खलबत्ता कोरलेला. नावाऐवजी धंदा वाचता यावा, अशी ही सोय. येथे कोणी फुले वाहत नाही. येणारा एक लहानसा खडा दगडावर ठेवतो.

दफनभूमीला लागूनच पिंकास प्रार्थनामंदिर आहे. आत मूर्ती नाही, चित्र नाही. छतापासून खालपर्यंत भिंतींवर केवळ नावे आहेत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया व मोराव्हिया प्रांतांतील जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची ही नावे, गावांप्रमाणे आणि कुटुंबांप्रमाणे लावलेली. 1950 च्या दशकात ती प्रथम लिहिली गेली. पुढे भिंतींत ओल शिरली, इमारत बंद झाली, नावे पुसली गेली. 1990 च्या दशकात ती पुन्हा एकेक करून लिहावी लागली. बोलघेवडे मार्गदर्शकही दाराबाहेर थांबतात आणि प्रवाशांना एकटे आत पाठवितात.

बाहेर आल्यावर थोडा विसावा हवाच. रस्त्याकडेला साखर-दालचिनी लावलेली, निखाऱ्यावर फिरवून भाजलेली त्रदेल्निक नावाची वळी मिळते. 'प्राचीन बोहेमियन पक्वान्न' अशी पाटी असली, तरी प्रागमध्ये ती प्रवाशांसाठीच अलीकडे बोकाळली आहे. पीठ मळताना अंडे घातले आहे काय, हे विचारूनच घ्यावी. पैसे बदलण्याच्या खिडकीवरही दर नीट विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही; डॉलर हा शब्दसुद्धा याच बोहेमियातील याखिमोव्हच्या चांदीच्या 'थालर' नाण्यापासून आलेला आहे, आणि त्या काळचे सराफही नाणे वाजवूनच घेत असतील.

शेवटचा टप्पा व्हल्टावा नदीवरील चार्ल्स पुलाचा. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये पायाभरणी केलेला हा पूल 516 मीटर लांब आणि सोळा कमानींचा आहे. 1841 पर्यंत प्रागमध्ये नदी ओलांडावयास दुसरा पूल नव्हता. तेव्हा पूर्व-पश्चिम व्यापाराची प्रत्येक गाडी याच दगडांवरून गेली. दोन्ही कठड्यांवर तीस शिल्पे आहेत. जुन्या शहराकडून निघाले, की उजव्या हाताचे तिसरे शिल्प क्रूसावरील ख्रिस्ताचे. त्याच्याभोवती सोन्याच्या मुलाम्याची हिब्रू अक्षरे झळकतात. ही अक्षरे येथे कशी आली, असा प्रश्न कोणालाही पडावा. 1696 मध्ये एलियास बाखोफेन या ज्यू पुढाऱ्यावर ख्रिस्ताच्या निंदेचा आरोप ठेवला गेला आणि शिक्षा म्हणून या अक्षरांचा खर्च त्याच्याकडून घेतला गेला. शब्द ज्यूंच्याच प्रार्थनेतले, पवित्र परमेश्वराची घोषणा करणारे; आणि ते पुलावरून रोज जाणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांनी क्रूसावर वाचायचे.

पुढे 1744 मध्ये मारिया थेरेसाने शत्रूला सामील झाल्याचा ठपका ठेवून या समाजाला शहराबाहेर जाण्याचा हुकूम काढला. इंग्लंड आणि हॉलंडच्या दरबारांनीही रदबदली करून पाहिली. 1748 मध्ये परत येण्याची मुभा मिळाली, ती भरमसाट कर मान्य केल्यावर.

क्रूसाखाली 2000 साली एक ब्राँझची पाटी बसविण्यात आली. या अक्षरांमागची हकिकत तिच्यावर चेक, इंग्रजी आणि हिब्रू भाषांत दिलेली आहे. पाटी लहान आहे, कठड्यापाशी खाली आहे, आणि पुलावर नेहमीच दाटी असते. मार्गदर्शकाने थांबून बोट दाखविले नाही, तर ती दिसत नाही.