आधी धूळ काढा, मग नवा लॅपटॉप पाहा

लग्नसराई आली की फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या आपल्या बंधूंची एकच तक्रार कानी येते. लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो आणि अल्बमचे दोन तासांचे काम चार तासांवर जाते. दुकानात विचारावे तर उत्तर तयारच असते, "मशीन जुने झाले, नवे घ्या." साठ-सत्तर हजारांचा मामला, तोही बहुधा हप्त्यावर! हा सल्ला पुष्कळदा घाईचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्हीही हा सल्ला ऐकला होता. नव्या मशीनचा भावही विचारून आलो होतो. जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी सहज उघडून घेतला, तर पंख्यापुढच्या बारीक जाळीवर धुळीची गादी बसलेली. हवा बाहेर पडणार कोठून? धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली आणि तेच मशीन आजही काम देते आहे.

यामागचे कारण समजून घ्यावे. खोक्यावर छापलेला मोठा वेग हा थोडा वेळ टिकणारा वेग असतो. इंटेलने २००८ पासून प्रोसेसरमध्ये टर्बो बूस्टची सोय दिली. थंड असेपर्यंत तो धावतो, परंतु तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून मंद होतो. म्हणजे मशीन म्हातारे झालेले नसते, त्याचा जीव गुदमरलेला असतो. पंख्याच्या आवाजाला शत्रू समजू नये. पंखा जबरीने शांत केला तर त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

कामाकामातही फरक आहे. फोटोशॉपमध्ये एकेक चेहरा साफ करताना मशीनला मधूनमधून उसंत मिळते. लाइटरूममधून शेकडो रॉ फोटो एक्स्पोर्ट करताना मात्र ती मिळत नाही. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरावा असे सांगतात. आपल्याकडे जळगाव, नागपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या दुकानाची तर गोष्टच सोडा. तेव्हा एक्स्पोर्ट रात्री किंवा पहाटे लावावा. लॅपटॉप गादीवर, कापडावर ठेवू नये. मागची बाजू बोटभर उचलून ठेवावी. धूळ उडविताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर ती भरमसाट फिरून बिघडतात. लाइटरूममध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू करून त्यावर एडिटिंग केले तरी भार बराच उतरतो.

नवे घ्यायचेच असेल तर दुकानातच बसून काम करणाऱ्याने लॅपटॉप का घ्यावा, हे आम्हाला कळत नाही. तेवढ्याच पैशात टेबलावरचा संगणक घेतला तर मोठे पंखे, ऐसपैस जागा मिळते, शिवाय एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पातळ लॅपटॉप गिऱ्हाइकापुढे शोभतो खरा. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. किरकोळ एडिटिंगला ते छान, परंतु लांब एक्स्पोर्टला तेही मंदावते.

तूर्त एक प्रयोग करावा. शंभर रॉ फोटोंचा एक्स्पोर्ट घड्याळ लावून मोजावा. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल तर ते १०० चे ९९ करावे. त्याने टर्बो बहुधा बंद होतो. पुन्हा तेच शंभर फोटो मोजावेत. वेळ जवळपास तेवढाच लागला आणि पंखा शांत राहिला, तर अडचण उष्णतेची आहे. लॅपटॉप उघडून साफ करून घ्यावा. साफसफाईनंतर, थंड असतानाही काम रखडत असेल, तरच नव्याचा भाव विचारायला जावे.