मनीला कोंडा!

काय दोस्तांनो, रिझल्ट लागला ना? मग आता सुट्टी! माझीही. शिक्षकांनाही सुट्टी लागते आणि त्यांनाही तुमच्याइतकाच आनंद होतो, हे गुपित वर्गात सांगू नका हं.

सुट्टीत मी आजीकडे गोराईला जाते. बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसायचं, खाडी ओलांडायची. बोटीत माणसांबरोबर मोटारसायकलीसुद्धा चढतात! दोन्ही काठांना तिवरांचं जंगल. पलीकडे उतरून वाडीत पोचलं की मुंबईतच आहोत यावर विश्वास बसत नाही.

आजीच्या अंगणात दिवसभर वर्दळ असते. तांबट कुठेतरी लपून 'टुक टुक' करतो. खारी चिकूच्या झाडावर पकडापकडी खेळतात. ताडाभोवती पाकोळ्या भिरभिरतात. ही ताडपाकोळी ताडाच्या लोंबत्या पानाला थुंकीने इवलंसं घरटं चिकटवते, आणि अंडीसुद्धा चिकटवून टाकते! वाऱ्याने पान कितीही हलो. डी.एड.ला परिसर अभ्यासाची कितीतरी टाचणं काढली मी, पण ही गंमत कळली ती ताडाखाली मान वर करून उभं राहिल्यावरच.

पण आज सांगायचंय ते बुलबुलाचं. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका, तोच. जास्वंदीच्या कुंपणात त्याचं वाटीएवढं घरटं असतं. अंडी दोन-तीन, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. साधारण चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढच्या बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. आणि तिथेच घोटाळा होतो.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. जास्वंदीखाली एक पिल्लू बसलेलं दिसलं. मला वाटलं, पडलं बिचारं! उचललं, बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं, दुधात पोळी कुस्करून भरवली. त्याचे आईबाबा संध्याकाळपर्यंत खिडकीशी ओरडत होते. मी खिडकी लावून घेतली. सकाळी पिल्लू गेलेलं होतं. पक्ष्यांची पिल्लं दूध पीत नाहीत, त्यांना किडे लागतात, हे मला कुठे ठाऊक! आजी काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा धावत आला, "मावशी, पिल्लू पडलंय! खोकं दे!" मी म्हटलं, थांब, आधी लांबून बघू. अंगावर पिसं होती, शेपूट आखूड, आणि पायांनी काडी घट्ट धरली होती. म्हणजे ते पडलं नव्हतं. उडायला शिकत होतं! असं पिल्लू दोन-चार दिवस खालीच उड्या मारतं आणि आईबाबा तिथेच येऊन भरवतात. अगदी बोडकं पिल्लू पडलं असेल तर मात्र हलक्या हाताने घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते म्हणतात ना? ते खरं नाही. आणि खरंच जखमी असेल तर मोठ्यांना वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करायला सांगा.

मग आम्हाला काहीच काम नव्हतं का? होतं की! आमची मनी. लाडकी मांजर, पण पिल्लू दिसलं की तिच्यातली वाघीण जागी होते. तिला तीन दिवस माजघरात कोंडलं. काय तो आरडाओरडा! दारावर ओरखडे काढले, भाच्याच्या हातावरही एक. "तिची काय चूक गं?" तो रडवेला झाला. चूक काहीच नाही, ती मांजर आहे. पण पाळलेल्या जनावराची जबाबदारी आपली, अंगणातल्या पाखरांची नाही. (म्हणून पोपटही पिंजऱ्यात नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पाळायला बंदीच आहे.)

पाखरांसाठी आम्ही एवढंच केलं, मातीची उथळ परळ, मध्ये एक दगड, रोज ताजं पाणी. परळ मोकळ्या जागी, म्हणजे मांजराला लपून बसता येत नाही.

पहिल्या दिवशी पिल्लू कुंडीच्या काठावर चढलं. दुसऱ्या दिवशी जास्वंदीवर. तिसऱ्या दिवशी भुर्रकन शेजारच्या चिकूवर! भाच्याने टाळ्या वाजवल्या आणि धावत जाऊन माजघराचं दार उघडलं. मनी बाहेर आली, जास्वंदीखाली दोनदा हुंगलं, आमच्याकडे रागाने पाहिलं आणि आजीच्या सुकटीच्या डब्याकडे निघून गेली.