बादुआनजिन शिका, पण चमत्कारासाठी नको

मागून कुणी हाक मारली की मानेऐवजी सगळं अंग वळवावं लागतं, खाली पडलेली वस्तू उचलताना हात आधी गुडघ्यावर जातो, वरच्या फळीवरचा डबा काढताना खांदा कुरकुरतो. पन्नाशीच्या आसपास हे सुरू झालं की बहुतेक जण ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. चीनमध्ये शतकानुशतकं चालत आलेली बादुआनजिन ही आठ हालचालींची पद्धत शिकून घ्या, असा माझा तुम्हाला आग्रह आहे. ती उभ्यानं करायची असते. जमिनीवर बसावं लागत नाही, की हातांवर भार घ्यावा लागत नाही. त्यामुळे मनगटं किंवा गुडघे दुखतात म्हणून ज्यांचे सूर्यनमस्कार सुटले, त्यांनाही ती बहुधा जमते. पूर्ण आवर्तनाला बारा-पंधरा मिनिटं पुरतात.

श्वास, लक्ष आणि संथ हालचाल यांची सांगड घालणाऱ्या चिनी पद्धतींना छीगोंग म्हणतात. बादुआनजिन त्यांतलीच एक, आणि नवख्या माणसासाठी माझ्या मते सर्वांत सोयीची. अशा व्यायामांची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. हुनान प्रांतात मावांगदुई इथल्या इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यातून १९७३ साली रेशमावर रंगवलेला एक तक्ता निघाला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती आहेत, त्यांत बायकाही आहेत आणि पुरुषही. बादुआनजिन हे नाव बाराव्या शतकातल्या होंग माई या लेखकाच्या ग्रंथात येतं. सेनापती युए फेई यांनी आपल्या सैनिकांसाठी ती रचली, असं लोक सांगतात. त्या काळातला पुरावा काही नाही. आज शिकवला जातो तो प्रमाण संच चीनच्या सरकारी क्रीडा खात्यानं २००३ च्या सुमारास ठरवून दिला. तोच धरा. त्यात बहुतेक हालचाली सहा वेळा करायच्या असतात, आणि पायांतलं अंतर, नजर, श्वास हेही सांगितलेलं असतं.

दुसरी हालचाल नीट समजून घ्या, कारण ताकद आणि लवचिकता दोन्ही तिच्यात आहेत. पाय फाकवून, गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं आणि धनुष्य ओढल्यासारखा एक हात बाजूला लांबवत दुसरा खांद्याकडे खेचायचा. मांड्या काही वेळातच थरथरू लागतात, छाती आणि पाठीचा वरचा भाग मोकळा होतो. इथं गडबड होते ती खाली बसण्याच्या हौसेनं. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहील आणि आत कलंडणार नाही, एवढंच खाली जा. उंचावर राहून केलेली हालचालही चालते. सहाव्या हालचालीत हात पाठीवरून, पायांवरून घसरवत पावलांकडे न्यायचे असतात. पावलं गाठलीच पाहिजेत असं नाही. हात नडगीपर्यंत पोचले तरी पुष्कळ झालं. झटका देऊन वाकू नका. सातवीत मुठी घट्ट आवळून ठोसा पुढे न्यायचा आणि डोळे मोठे करून रोखून पाहायचं. शेवटच्या आठवीत टाचा उचलून सात वेळा हलक्या सोडायच्या.

जुन्या चिनी वचनांत या हालचालींना पोट सुधारणं, हृदयातली आग शमवणं, कंबर आणि मूत्रपिंडं बळकट करणं अशी कामं नेमून दिलेली आहेत. ती त्या वैद्यकाची भाषा आहे. तिला उपचाराची हमी समजू नका. वयस्क लोकांवर झालेल्या अभ्यासांत तोल, लवचिकता, झोप यांत सुधारणा दिसली आहे, पण त्यांतले बरेच अभ्यास लहान आहेत. मला एवढंही पुरेसं वाटतं. रोजच्या उठण्याबसण्यात फरक पडणार असेल, तर त्याहून मोठं आश्वासन मागायचं कशाला?

हे मी ठासून सांगतो, कारण १९८० च्या दशकात चीनमध्येच छीगोंगची मोठी लाट आली होती. दुरून हात न लावता रोग बरे करतो म्हणणारे गुरू तेव्हा हजारोंच्या सभा भरवत होते. असे दावे आपल्याकडेही कुणी करील. रक्तदाबाची, साखरेची गोळी बंद करायला सांगणाऱ्या शिक्षकाकडे पुन्हा जाऊ नका.

शिकताना पहिले काही दिवस फक्त पहिल्या दोन हालचाली करा. त्या अंगवळणी पडल्या की पुढची घ्या. श्वास कोंडून धरू नका. हात वर जाताना आत, खाली येताना बाहेर, तोही जमेल तसा. जेवण झाल्या झाल्या करू नका. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, तर डोकं खाली जाणाऱ्या पाचव्या आणि सहाव्या हालचालींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा मणक्यातली चकती सरकलेली असेल, तर वाकण्याबद्दल आणि टाचा आपटण्याबद्दलही विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबा.

घरातल्या सत्तरीच्या माणसाला शिकवणार असाल तर भक्कम, चाकं नसलेली खुर्ची त्यांच्या हाताशी ठेवा, आणि टाचा उचलताना त्यांना तिची पाठ धरू द्या.