भोंगा, बंदी आणि 'बाबांना पाठवू?'

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 साली ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं. गावाचं देशभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं पुढचं पाऊल टाकलं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचाच ठराव केला. अभ्यासाच्या शिस्तीसाठी भोंगा उत्तम. पण मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पालकसभेत हाच मंत्र म्हटला जातो: फोन काढून घ्या. माझा वाद या मंत्राशी आहे.

फोनच नसेल तर धोका कुठला, असं बंदीवाले विचारतात. ऐकायला बिनतोड, पण आपल्या घरांत शिरून पाहिलं तर त्यात दम नाही. कितीतरी मुलांकडे स्वतःचा फोन नसतोच. फोन बाबांचा, सिम बाबांचं, खात्यावरची जन्मतारीखही बाबांची. मग तेरा वर्षांची अट असो की इन्स्टाग्रामची 'टीन अकाउंट' असोत, कंपनीच्या लेखी तिथं बेचाळीस वर्षांचा गृहस्थ बसलेला असतो आणि प्रत्यक्षात स्क्रीनवर बोट फिरवत असते सहावीतली मुलगी. वर त्याच फोनमध्ये बाबांचं यूपीआय. 'आमच्याकडे मुलांना फोन दिलेलाच नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्या घरात या सेटिंग्जकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

बंदीवाल्यांचा दुसरा दाखला ऑस्ट्रेलियाचा. सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवता येणार नाही, हा तिथला कायदा 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. आपल्याकडे तो अर्धाच सांगितला जातो. त्यातला दंड कंपन्यांना आहे, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. आपल्या बंदीचा पहिला धपाटा मात्र पोराच्याच पाठीत बसतो.

आता फसवणारा काम कसं करतो ते बघा. सुरुवात पुष्कळदा गेममध्ये होते. टीममध्ये कुणी 'भाई' किंवा 'दीदी' येते, मॅच जिंकून देते, डायमंड भेट देते. 'इथं नीट बोलता येत नाही, इन्स्टावर ये.' काही दिवस गोड गप्पा होतात, मग फोटोची मागणी. आधी साधा, मग हळूहळू तसला. फोटो हाती पडला की भाषा बदलते. मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: आत्या, चुलतभाऊ, क्लासच्या मॅडम. त्याखाली एकच ओळ: 'बाबांना पाठवू?' पुढचे फोटो, पुढचे पैसे, महिनोन्‌महिने गप्प राहणं, सगळं या एका ओळीवर वसूल होतं. बाबांना कळलं तर आपली धडगत नाही, हे मुलाला पक्कं माहीत असतं म्हणून ती चालते. आणि ते त्याला कुणी शिकवलं? 'काही भलतंसलतं दिसलं ना, तर फोन फोडून टाकीन' असं आपणच बजावलेलं असतं. चोराच्या हाती किल्ल्या देणं म्हणतात ते हेच.

काही पालकांचा भरवसा पाळतीवर असतो. रोज रात्री फोन तपासायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाबाबत ते योग्यच आहे. चौदाव्या वर्षी मात्र या तपासणीतून निपजतं ते मुलाचं दुसरं खातं. शिवाय गेममधलं बोलणं हेडफोनवर होतं, तपासायला मागं काही उरत नाही.

घाबरवणारे तर दरवर्षी नवा बागुलबुवा आणतात. 2017 मध्ये मुलांना आत्महत्येकडे ढकलणारा म्हणून गाजलेल्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळानं शाळाशाळांची झोप उडवली होती. जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं, की तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. अनोळखी माणसानं फोटो मागितला तर काय करायचं, हे त्या गदारोळात किती वर्गांत सांगितलं गेलं?

मग काय मोकाट सोडायचं? मुळीच नाही. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा, आईबाबांचाही. मुलाला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओळखीचेच लोक सामील करू शकतील, असं सेटिंग करावं. यूपीआयचा पिन मुलांना कळू देऊ नये. हे अर्ध्या तासाचं काम. अवघड आहे ते वचन देणं: 'काहीही झालं असलं, फोटो तूच पाठवला असलास तरी, मला येऊन सांग. फोन काढून घेणार नाही, हात उगारणार नाही.' आणि मूल खरंच सांगायला आलं त्या दिवशी ते पाळणं. यावर 'म्हणजे चुकीला मोकळं रान?' असा प्रश्न हमखास येतो. फोटो पाठवणं ही मुलाची चूक असेल, पण तो मागणं आणि त्यावर धमकावणं हा गुन्हा आहे. आधी गुन्हेगाराचं बघू, चुकीचं बोलायला पुढं आयुष्य पडलंय.

शाळांशी जरा कडक बोलायला हवं. प्रकरण पुढं आलं की 'शाळेचं नाव जाईल' म्हणून ते केबिनमध्ये मिटवण्याकडे कल असतो. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं 'पोक्सो' कायद्याच्या कलम 19 नं बंधनकारक केलेलं आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून भयंकर म्हणजे 'पुरावा' म्हणून तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार मुलांचं अश्लील चित्र पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैदेचा. फोटो कुणाला पाठवायचा नाही आणि घाबरून चॅट पुसायचंही नाही. समोरच्या खात्याचं नाव, लिंक आणि वेळ टिपून ठेवायची. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. असा फोटो पसरू नये म्हणून अमेरिकेतल्या एका बालसुरक्षा संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो अपलोड न करता, नाव न सांगता, आपल्याकडचं मूलही ती वापरू शकतं.

येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: एखाद्या मुलानं सांगायचं ठरवलं, तर या शाळेत त्यानं नेमकं कुणाकडे जायचं? त्या व्यक्तीचं नाव फलकावर लिहून घ्या. खाली दोन क्रमांकही लिहा: मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास चालणारा 1098 आणि ऑनलाइन पैसे उकळले असतील तर 1930. नाव सांगायला मुख्याध्यापक अडखळले, तर ते अजून ठरलेलंच नाही असं समजा आणि ते ठरेपर्यंत सभा उठू देऊ नका.