तिजोरीची चावी कुणाच्या कमरेला?

अमेरिकेने शेवटचं युद्ध रीतसर कधी पुकारलं, हे आपल्या पोरांना विचारून बघा. कुणी इराक म्हणेल, कुणी व्हिएतनाम. दोन्ही चूक. तारीख आहे ५ जून १९४२. बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध अमेरिकन काँग्रेसने युद्ध पुकारलं, ते शेवटचं. त्यानंतर कोरिया झाला, व्हिएतनाम झाला, कंबोडिया, लाओस, ग्रेनाडा, पनामा, दोनदा इराक, अफगाणिस्तान, लिबिया झाला. माणसं किड्यामुंगीसारखी मेली. युद्ध मात्र एकदाही पुकारलं गेलं नाही. म्हणजे कागदावर ऐंशी वर्षांवर शांतताच शांतता!

आमच्यातला एक कार्यकर्ता तावातावाने म्हणतो, राष्ट्राध्यक्ष काय नि काँग्रेस काय, सगळे एका माळेचे मणी. दुसरा म्हणतो, तिथली लोकशाही बघा, राष्ट्राध्यक्षालासुद्धा जाब द्यावा लागतो. दोघांचंही अर्धं खरं आहे. आणि अर्ध्या खऱ्यावर चळवळ उभी राहत नाही, म्हणून हा अग्रलेख.

आधी कागद बघू. १७८७ ची घटना. ती लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण गुलामांचे मालक होते. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलाम माणूस तीन-पंचमांश मोजावा, असं त्यांनी त्याच घटनेत लिहिलं. हे विसरायचं नाही. पण याच लोकांनी राजा भोगला होता. एकट्याच्या लहरीवर आख्खा देश लढाईत कसा ओढला जातो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वाटणी केली. युद्ध पुकारायचं काँग्रेसने. सैन्य उभारायचं काँग्रेसने. सैन्याला पैसाही तिनेच द्यायचा, तोही एका वेळी दोन वर्षांच्या वर नाही. तह करायचा तर सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांनी. आणि राष्ट्राध्यक्ष सरसेनापती. तलवार एकाच्या हातात, तिजोरीची चावी दुसऱ्याच्या कमरेला.

वाटणी झकास. मग बिघडलं कुठं? राष्ट्राध्यक्षांनी चावी हिसकावली असं सगळे सांगतात. मी म्हणतो, बऱ्याच वेळा चावीवाल्यांनीच ती काढून दिली.

१९५० साली ट्रुमनने काँग्रेसचं मत न घेता कोरियात फौजा घातल्या. युद्ध नव्हे म्हणे, पोलिसी कारवाई! या कारवाईत छत्तीस हजारांवर अमेरिकन सैनिक मेले, कोरियन माणसं लाखांनी मेली. काँग्रेस पैसे देत राहिली.

१९६४ चा ऑगस्ट. टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला, असं जॉन्सनने सांगितलं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे त्यांच्याच सरकारी कागदांतून बाहेर पडलं. पण ७ ऑगस्टला ठराव पास. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. लागेल ती सगळी पावलं उचला, असं राष्ट्राध्यक्षाला सांगून कोऱ्या चेकवर सही केली. विरोधातले ते दोघं, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, १९६८ च्या निवडणुकीत घरी बसले. हो म्हणणाऱ्यांच्या खात्यावर अठ्ठावन्न हजार अमेरिकन मुडदे आणि लाखो व्हिएतनामी.

कोण गेलं लढायला? ज्याच्या बापाकडे ओळख नाही तो. गरीब गोरा गेला, काळा गेला. काँग्रेसमधलं बहुमत मूग गिळून बसलं होतं, तेव्हा १९६७ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्या चर्चमधून या युद्धाविरुद्ध उघड बोलले. त्याच महिन्यात मुहम्मद अलीने फौजेत भरती व्हायला साफ नकार दिला आणि आपलं जगज्जेतेपद गमावलं. घटनेचं कलम एकीकडे, एका बॉक्सरचा नकार एकीकडे. त्या वर्षी जड कुठलं पारडं होतं?

मग आला निक्सन. मार्च १९६९ पासून त्याने कंबोडियावर चोरून बॉम्ब टाकले. चोरून म्हणजे स्वतःच्या काँग्रेसपासून चोरून. लष्कराच्या दप्तरात खोट्या नोंदी केल्या. ज्याच्या डोक्यावर बॉम्ब पडत होता त्या शेतकऱ्याला सगळं माहीत होतं. ज्यांच्या पैशाने पडत होता त्यांना माहीत नव्हतं.

१९७१ तर आपल्या दारातली गोष्ट. पूर्व बंगालात याह्याखानाचं लष्कर कत्तल करत होतं. कोटभर माणसं सरहद्द ओलांडून इकडे आली. निक्सन आणि किसिंजर कत्तल करणाऱ्याच्या पाठीशी. डिसेंबरात एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. जॉर्डनची अमेरिकन विमानं पाकिस्तानला मिळावीत म्हणून खटपट केली. हे बेकायदा आहे, असं खात्यातले वकील सांगत होते. कोण ऐकतो!

शेवटी काँग्रेस जागी झाली. का झाली? रस्ते पेटले होते, विद्यापीठं पेटली होती, वॉटरगेटने निक्सन खिळखिळा झाला होता. तेव्हा कुठं चावी फिरली. पैसा बंद केला, आणि १५ ऑगस्ट १९७३ ला कंबोडियावरची बॉम्बफेक थांबली. आमच्याकडे झेंडावंदन होत होतं त्या दिवशी. ७ नोव्हेंबरला निक्सनचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकारांचा कायदा केला. फौज लढाईत घातली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं. मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं, फार तर माघारीसाठी आणखी ३० दिवस.

बरं झालं म्हणाल. पण सत्ता असल्या कागदाला भीत नाही. तिच्याकडे वकील असतात. १९८३ मध्ये एका भारतीय वंशाच्या परदेशी माणसाच्या हद्दपारीचा चढ्ढा खटला सुप्रीम कोर्टात गाजला. काँग्रेसने नुसता आपला ठराव करून सरकारी निर्णय फिरवायचा नाही, असा निकाल लागला. लढाई थांबवणारा ठरावही त्या निकालाच्या कचाट्यात सापडला. आता तो राष्ट्राध्यक्षाच्या सहीला जातो, तो नाकारतो, मग दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश गोळा करा. म्हणजे युद्ध चालू ठेवायला एक माणूस पुरतो, थांबवायला दोन-तृतीयांश लागतात! आणि २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटल्यावर ओबामाच्या सरकारने सांगितलं, की आम्ही टाकतो ते बॉम्ब कायद्याला अभिप्रेत असलेल्या लढाईत बसतच नाहीत. काळा राष्ट्राध्यक्ष आला म्हणून खुर्ची काळी होत नाही, दोस्तांनो. ती खुर्चीच राहते.

रेगनने तर कहर केला. निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना पैसा द्यायचा नाही, असा कायदा काँग्रेसने केला होता. त्याच्या माणसांनी इराणला चोरून शस्त्रं विकली आणि नफा काँट्रांना पोचवला. १९८६ मध्ये बिंग फुटलं. १९९२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी थोरल्या बुशने सहा जणांना माफी देऊन टाकली.

तर मग पहिला कार्यकर्ता बरोबर? सगळी काँग्रेस फुकटची? थांबा. त्याच १९८६ सालची दुसरी गोष्ट ऐका.

कॅलिफोर्नियातलं ओकलंड. १९६६ मध्ये तिथं ब्लॅक पँथर जन्मला. त्याच्यावरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचं नाव ठरलं. याच भागातून १९७० मध्ये रॉन डेलम्स नावाचा काळा माणूस निवडून गेला. १९७२ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीची आर्थिक कोंडी करणारं विधेयक मांडलं. कुणी विचारलं नाही. तो मांडत राहिला. चौदा वर्षं. बाहेर पोरं विद्यापीठांना विचारत होती, तुमचा पैसा तिथल्या धंद्यात का? वॉशिंग्टनच्या वकिलातीपुढे १९८४ च्या अखेरीपासून रोज माणसं स्वतःला अटक करवून घेत होती. १९८६ मध्ये कायदा पास झाला. डेलम्सला हवा होता त्याहून मवाळ, पण झाला. रेगनने तो नाकारला. प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी रेगनचा नकार मोडला. त्याच्याच पक्षाच्या कितीतरी सभासदांनी त्याच्याविरुद्ध हात वर केला. रस्ता आणि सभागृह एकत्र आले की काय होतं, ते हे.

डेलम्सच्या कार्यालयात काम करून वर आलेली बार्बरा ली पुढे त्याच्या जागेवर निवडून आली. १४ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कची राख अजून निवली नव्हती. धाकट्या बुशला बळ वापरायची मोकळीक देणारा साठ शब्दांचा ठराव आला. त्याला मुदत नाही, देशाचं नाव नाही. ४२० विरुद्ध १. तो एक म्हणजे ही काळी बाई. तिला देशद्रोही म्हटलं, जिवे मारायच्या धमक्या आल्या. नंतर तेच साठ शब्द येमेन, सोमालियापर्यंत ताणले गेले. २०२५ मध्ये ओकलंडने तिला महापौर केलं. त्याच वर्षी २२ जूनला ट्रंपने काँग्रेसची मंजुरी न घेता इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि काही दिवसांनी त्याला आवरणारा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ ने पडला.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत अमेरिकन पद्धत आणि संसदीय पद्धत तोलून दाखवली होती. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. आम्हाला जबाबदारी जास्त हवी, आणि ती नुसती ठरावीक काळाने नव्हे, रोज तपासली गेली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. प्रश्न विचारून, चर्चा करून, अविश्वासाचा ठराव आणून. हा मुद्दा आपल्याच सरकारला लावून बघा. आपल्याकडे परदेशाशी केलेला करार संसदेच्या मतदानाशिवाय होतो. युद्धासाठीही संसदेने मत दिलंच पाहिजे, असं कलम घटनेत नाही. अमेरिकनांकडे निदान मोडायला एक कायदा आहे!

माझं म्हणणं एवढंच. कलम लढत नाही, माणूस लढतो. पण कलम नसेल तर त्या माणसाला पाय रोवायला जागा राहत नाही. संसदेला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. तिच्यातल्या प्रत्येकाने कुठल्या बॉम्बला, कुठल्या कराराला, किती पैशाला हात वर केला, याचा हिशोब ठेवणं अवघड आहे. तो हिशोब ठेवा. वस्तीत मत मागायला येईल तेव्हा त्याच्यापुढे मांडा. चावी त्याच्या कमरेला आपण बांधलीय, हे त्याला तिथंच, चारचौघांत सांगा.

जयभीम!